वाचकांचे प्रश्न : 'तूर्त प्रोग्रॅम उघडू नका'

प्रश्न :

सप्रेम नमस्कार. या सदरात बहुतेक पत्रं तक्रारीची असतात, म्हणून हे थोडं वेगळं पत्र पाठवतो आहे. मी जुन्या पत्रव्यवहाराची सूची करतो. कुणी कुणाला लिहिलं, कधी लिहिलं, मजकुराचा सारांश, कागदाची अवस्था, अशा नोंदी एका सॉफ्टवेअरमध्ये भरत असतो. कंपनी लहान आहे. मला तिची जाहिरात करायची नाही, त्यामुळे नाव देत नाही.

मध्यंतरी लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुरुस्ती करणाऱ्याने डिस्क काढून हातात दिली. सॉफ्टवेअरच्या मदतपानावर 'तुमचा सगळा डेटा एकाच फाइलमध्ये असतो' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याप्रमाणे ती फाइल नव्या लॅपटॉपवर घेतली. प्रोग्रॅम सुरू झाला, जुन्या नोंदी दिसल्या, पण शेवटच्या काही आठवड्यांच्या नोंदी गायब. एररसुद्धा नाही. मी त्या कधी भरल्याच नव्हत्या असं वाटावं!

रात्रीच कंपनीला ईमेल केला. कोणती आवृत्ती, कोणती फाइल कुठून कुठे नेली, शेवटची दिसणारी नोंद कोणत्या तारखेची, सगळं लिहिलं. सकाळी एका बाईंचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, 'नोंदी बहुधा शाबूत आहेत. पण माझी खात्री होईपर्यंत तूर्त नव्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम उघडू नका. जुनी डिस्क तुमच्याकडे आहे का? तिच्यावर नंतर काही कॉपी केलेलं नाही ना?' पुढच्या मेलमध्ये त्यांनी विचारलं की मी लॅपटॉप रोज शटडाउन करायचो की नुसता मिटून ठेवायचो. मी मिटूनच ठेवायचो. त्या प्रश्नाचा संबंध मला तेव्हा कळला नाही.

मग त्यांनी जुन्या डिस्कवर त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाची पण शेवटी 'डब्ल्यूएएल' ही अक्षरं असलेली फाइल शोधायला सांगितली. ती होती, आणि चांगली मोठी होती. दोन्ही फाइली एका नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये एकत्र ठेवल्या आणि मगच प्रोग्रॅम उघडला. सगळ्या नोंदी परत! जिवात जीव आला. त्यावर त्यांचं उत्तर होतं, 'आमच्या मदतपानावरचं वाक्य अपुरं आहे. ते आम्ही बदलतो.' बऱ्याच दिवसांनी, मी विसरूनही गेलो होतो तेव्हा, त्यांचाच मेल आला की नव्या आवृत्तीत हा दोष काढला आहे. मदतपान उघडून पाहिलं, तर वाक्य खरोखर बदललेलं.

आता प्रश्न. हे सगळं त्या बाई चांगल्या म्हणून झालं, की कंपनी चांगली म्हणून? पुढे दुसरं सॉफ्टवेअर घेताना हे आधी कसं ओळखायचं? आणि त्यांनी लॉग फाइल (प्रोग्रॅम स्वतःच्या कामाची टिपणं ठेवतो ती फाइल) मागितली होती, ती मी पाठवली. ते योग्य होतं का?

– एक सूचीकार

उत्तर :

तुमच्या पत्रातलं 'तूर्त प्रोग्रॅम उघडू नका' हे वाक्य सपोर्टमध्ये नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला दाखवावं असं आहे. मी बरीच वर्षं सपोर्ट डेस्कवर बसून अशीच पत्रं वाचली आहेत. कंपनीची सेवा कशी आहे हे मी तिच्या माणसाच्या पहिल्या प्रश्नावरून ठरवते. उत्तर किती मिनिटांत आलं आणि भाषा किती गोड होती याला मी फारसं महत्त्व देत नाही. पहिला प्रश्न तुमच्या डेटाबद्दल असेल, तर तुमचं काय पणाला लागलंय ते समोरच्याला कळलेलं असतं. 'प्रोग्रॅम काढून टाका, पुन्हा इन्स्टॉल करा, मग सांगा' अशी सुरुवात असेल, तर तो समोर ठेवलेला कागद वाचून दाखवतो आहे.

तुमच्या बाबतीत हा फरक केवढा होता ते जरा सविस्तर सांगते, कारण त्या बाईंनी एकही प्रश्न उगाच विचारलेला नाही.

फाइलीच्या नावावरून तुमचं सॉफ्टवेअर नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवत असणार. हा डेटाबेस 2000 साली आला. तो कुणालाही फुकट वापरता येतो आणि जगातल्या जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो. क्रोम आणि फायरफॉक्स तुमची ब्राउझिंग हिस्ट्री त्यातच ठेवतात. 2010 मधल्या 3.7.0 या आवृत्तीपासून त्यात एक सोय आहे. नवी नोंद थेट मुख्य फाइलीत न लिहिता आधी शेजारच्या डब्ल्यूएएल फाइलीत लिहायची आणि सवडीने मुख्य फाइलीत उतरवायची. हिशेब लिहिणारा आधी रोजकीर्दीत टिपतो आणि नंतर खतावणी करतो, तसंच. वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर या फाइलीत डेटाबेसची सुमारे 1000 पानं (डेटा ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत ठेवला जातो ते तुकडे) साठली की उतरवण्याचं काम आपोआप सुरू होतं. डेटाबेस वापरणारं सगळं काही नीट बंद झालं, तर उरलंसुरलंही मुख्य फाइलीत जातं आणि डब्ल्यूएएल फाइल नाहीशी होते. म्हणूनच 'सगळा डेटा एकाच फाइलमध्ये असतो' हे वाक्य एरवी खरं असतं. मदतपान लिहिणाऱ्याने तेवढीच वेळ डोळ्यांसमोर ठेवली.

मग तुमच्या आठवड्याआठवड्यांच्या नोंदी शेजारच्या फाइलीत कशा अडकल्या? इथे तो लॅपटॉप मिटण्याचा प्रश्न येतो. डेटाबेस वाचायला कुणी बसलं आणि उठलंच नाही, तर उतरवण्याचं काम ते वाचन जिथे सुरू झालं त्याच्या पुढे सरकू शकत नाही. अशा सॉफ्टवेअरमध्ये शोध लवकर लागावा म्हणून पडद्यामागे एखादा छोटा मदतनीस प्रोग्रॅम चालू असतो. लॅपटॉप शटडाउन झाला तर तो बंद पडतो आणि पुढच्या वेळी नव्याने सुरू होतो. नुसता मिटला तर तो झोपतो आणि उघडल्यावर आधीचंच वाचन धरून बसतो. तेवढ्या काळात शेजारची फाइल फुगत जाते. वापरणाऱ्याला काही म्हणजे काही जाणवत नाही, कारण प्रोग्रॅम दोन्ही फाइली एकत्र वाचून सगळ्या नोंदी दाखवत असतो. मदरबोर्ड गेला तेव्हा तुमचं बरंच काम त्या फाइलीत होतं, आणि नव्या लॅपटॉपवर आली फक्त मुख्य फाइल.

'मिटता की बंद करता' हे विचारणाऱ्या बाईंच्या मनात हे सगळं चित्र तयार होतं. हे कुठल्याही ठरीव प्रश्नावलीत नसतं. आपलं सॉफ्टवेअर आतून कसं चालतं ते माहीत असलेलाच हा प्रश्न विचारू शकतो.

आणि प्रोग्रॅम उघडू नका का? मुख्य फाइल एकटीच उघडून तुम्ही तिच्यात नव्या नोंदी भरायला लागला असतात, तर ती बदलली असती. मग कुणीतरी जुनी डब्ल्यूएएल फाइल आणून तिच्याशेजारी ठेवली असती, तर जुनी पानं बदललेल्या फाइलीवर चढून डेटाबेसच बिघडण्याची भीती होती. रिकामा फोल्डर, दोन्ही फाइलींच्या प्रती, मूळ डिस्कला हात नाही, हा त्यांनी सांगितलेला क्रम अगदी योग्य होता. फसलं असतं तरी मूळ जागचं जागी राहिलं असतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, बाई की कंपनी. बाई हुशार आहेत यात शंका नाही. पण हुशार माणसं मी अशा ठिकाणीही पाहिली आहेत जिथे त्यांना तुमच्या कामी येऊच देत नाहीत. बऱ्याच सपोर्ट डेस्कवर दोन आकडे पाहिले जातात, पहिलं उत्तर किती वेळात गेलं आणि दिवसात किती तिकिटं, म्हणजे क्रमांक देऊन नोंदवलेल्या तक्रारी, बंद झाली. पहिला आकडा सुधारायला 'आपली तक्रार मिळाली' असा आपोआप जाणारा मेल पुरतो. दुसऱ्यासाठी ग्राहक गप्प बसला की तिकीट 'निकाली' करून टाकतात. तिथे काम करणाऱ्या माणसाने लॅपटॉप मिटण्याबद्दल विचारत बसायचं म्हणजे स्वतःचा आकडा बिघडवून घ्यायचा. शिवाय तिकीट एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जातं आणि ग्राहकाला प्रत्येकासमोर पहिल्यापासून कहाणी सांगावी लागते. टोलवाटोलवी करायची कुणाचीच इच्छा नसते, तरी ती होते.

तुमच्या पत्रात मला याच्या उलट खुणा दिसतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच व्यक्ती तुमच्याशी बोलली. मदतपान अपुरं आहे हे तिने कुणाची परवानगी न मागता लिहिलं. तुम्हाला कदाचित ही साधी गोष्ट वाटेल. मला वाटत नाही. 'आमच्याकडे चूक आहे' हे शब्द लिहिण्याची मुभा अनेक डेस्कना नसते. तिथे 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' यापुढे जाता येत नाही, कारण त्या वाक्यात कुणाचीच चूक नसते.

सगळ्यात मोठी खूण म्हणजे तो उशिरा आलेला मेल. तो आठवणीने पाठवता येतो, पण आठवणीवर भरवसा ठेवून कुणी काम करत नाही. त्यासाठी तुमचं तिकीट प्रोग्रॅमरच्या यादीतल्या त्या दोषाशी जोडून ठेवावं लागतं. दोष निघाला आणि नवी आवृत्ती बाहेर पडली, की ज्यांनी ज्यांनी तो कळवला होता त्यांची तिकिटं पुन्हा वर येतात आणि सपोर्टवाले एकेकाला कळवतात. म्हणजे सपोर्टचं टेबल आणि प्रोग्रॅमरचं टेबल यांच्यात ये-जा आहे. ही कंपनीने लावलेली शिस्त आहे. त्या बाई उद्या दुसरीकडे गेल्या तरी यातलं बरंचसं टिकेल.

आधी कसं ओळखायचं, याला माझा एक जुना उपाय आहे. सॉफ्टवेअर घेण्यापूर्वीच सपोर्टला एक प्रश्न पाठवा, आणि प्रश्न असा निवडा की ज्याचं खरं उत्तर 'नाही' असण्याची शक्यता आहे. 'दोन संगणकांवर एकाच वेळी एकच सूची उघडता येते का?' असा काहीतरी. 'नाही, आणि तसं केल्यास नोंदी बिघडू शकतात, म्हणून असं करा' असं उत्तर आलं, तर त्या कंपनीला ग्राहकाशी खरं बोलायची सवय आहे. 'आमचं सॉफ्टवेअर आपल्या सर्व गरजा पूर्ण करतं' असं आलं, तर तुम्हाला विक्री विभागाने उत्तर दिलंय.

दुसरी जागा म्हणजे प्रत्येक आवृत्तीसोबत येणारी बदलांची टीप. ती मी नेहमी वाचते. वर्षभर नुसतं 'किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा' एवढंच लिहिलेलं असेल तर माझा विश्वास उडतो. 'लॅपटॉप बराच काळ शटडाउन न केल्यास नव्या नोंदी मुख्य फाइलीत उतरत नव्हत्या, तो दोष काढला' असं नाव घेऊन लिहिणारी कंपनी मला आवडते. आणि तुमचा डेटा बाहेर काढायची वाट आहे का, तेही पाहून घ्या. सूचीसाठी सीएसव्हीसारख्या साध्या स्वरूपात सगळ्या नोंदी निर्यात करता आल्या पाहिजेत. जाणाऱ्याला अडवून न धरणाऱ्या कंपन्या राहणाऱ्याशीही बऱ्या वागतात, असं मला वाटतं. ती निर्यात अधूनमधून करून वेगळ्या जागी ठेवत चला.

तुमच्या पहिल्या मेलचंही श्रेय तुम्हाला दिलं पाहिजे. 'नोंदी दिसत नाहीत, काहीतरी करा' एवढंच लिहिणारी पत्रं रोज येतात, आणि मग दोन-तीन मेल नुसती माहिती काढण्यात जातात. तुम्ही आवृत्ती सांगितली, काय केलं ते क्रमाने सांगितलं आणि शेवटच्या दिसणाऱ्या नोंदीची तारीख दिली. ती तारीख सोन्यासारखी होती. नोंदी इकडच्या तिकडच्या गेलेल्या नसून एका तारखेपासून पुढच्या सगळ्या नाहीत, हे कळल्याबरोबर त्या बाईंचं लक्ष शेजारच्या फाइलीकडे गेलं असणार.

लॉग फाइलीबद्दल. पाठवलीत ते ठीकच केलंत, तिच्याशिवाय कित्येकदा दोष सापडतच नाही. फक्त पुढच्या वेळी पाठवण्याआधी ती नोटपॅडमध्ये उघडून नजर फिरवा. बहुतेक लॉग साध्या अक्षरांत असतात. फोल्डरच्या पत्त्यात तुमचं नाव येतं, कुठे ईमेल येतो, फाइलींची नावं येतात. नको ते काढून तिथे फुल्या मारा आणि 'एवढं झाकलं आहे' असं मेलमध्ये कळवा. चांगला सपोर्ट त्याला हरकत घेत नाही.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र जास्त सांभाळा. तिथे एचएआर नावाची फाइल मागतात. पान उघडताना ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात जे बोलणं झालं त्याची ती नोंद असते, आणि तुम्ही लॉगइन आहात हे सांगणारी सेशनची खूणही तिच्यात जाऊ शकते. ती खूण ज्याच्या हाती लागेल तो पासवर्डशिवाय तुमच्या नावाने आत शिरू शकतो. 2023 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऑक्टा या लॉगइनची व्यवस्था पुरवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट यंत्रणेत चोर शिरले आणि 134 ग्राहकांच्या फाइलींपर्यंत पोचले. त्यातल्या काही एचएआर फाइली होत्या, आणि अशा खुणा वापरून 5 ग्राहकांच्या सेशनवर ताबा मिळवला गेला. ग्राहकांनी फाइली पाठवल्या होत्या त्या मदत मिळावी म्हणून. तेव्हा अशी फाइल पाठवण्याआधी तिच्यातल्या कुकी, म्हणजे ही सेशनची खूण ज्यांत असते त्या नोंदी, काढा, ते जमत नसेल तर पाठवून झाल्यावर त्या खात्यातून लॉगआउट व्हा. पासवर्ड आणि ओटीपी तर कुणालाही सांगायचा नाही, कितीही आपुलकीने मागितला तरी. खऱ्या सपोर्टला त्याची गरज पडत नाही.

प्रश्न :

सॉफ्टवेअर कंपनीची मदत घेतली की लगेच '0 ते 10 पैकी किती गुण द्याल' असा मेल येतो. मला अलीकडे फार चांगली मदत मिळाली, म्हणून मी 8 दिले. मैत्रीण म्हणाली, अगं 8 दिलेस म्हणजे काहीच दिलं नाहीस! हे खरं का?

– एक वाचक

उत्तर :

मैत्रिणीचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. 'आमची शिफारस दुसऱ्याला कराल का' असा तो प्रश्न असेल, तर त्या मोजणीचे नियम ठरलेले आहेत. फ्रेड रायखेल्ड यांनी 2003 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये ती मांडली. 9 किंवा 10 देणारे पाठीराखे, 0 ते 6 देणारे नाराज, आणि 7 किंवा 8 देणारे मधले. पाठीराख्यांच्या टक्केवारीतून नाराजांची वजा करायची, की कंपनीचा आकडा निघतो. मधल्यांचा नुसता एकूण संख्येत समावेश होतो. शाळेत 10 पैकी 8 म्हणजे उत्तम, या हिशेबाने तुम्ही मनापासून दिलेले गुण तिथे 'ना इकडे ना तिकडे' मध्ये जाऊन बसले.

मला ही पद्धत माणसाचं काम जोखायला अजिबात पटत नाही. कंपनीची शिफारस कराल का या प्रश्नाच्या उत्तरात किंमत, रंगरूप, मागच्या महिन्यात बंद पडलेली सोय असं सगळं मिसळलेलं असतं, आणि खापर मात्र शेवटी बोललेल्या माणसावर फुटतं. मी डेस्कवर असताना, स्वतःचा काही दोष नसताना कमी गुणांसाठी बोलणी खाणारे सहकारी पाहिले आहेत. त्यामुळे मदत चांगली झाली असेल तर मी सरळ 10 देते, आणि सॉफ्टवेअरबद्दलची तक्रार वेगळ्या मेलने कळवते.

गुणांच्या खाली बहुतेक ठिकाणी मोकळा रकाना असतो. तो कोरा सोडू नका. 'सेवा छान' एवढं लिहिलं तर कुणाच्या लक्षात राहत नाही. काय अडलं होतं, त्यांनी कोणता प्रश्न विचारला, कशामुळे सुटलं, हे दोन-तीन वाक्यांत लिहा आणि तिकिटाचा क्रमांक टाका. असा मजकूर वरिष्ठांकडून टीमला पाठवला जातो, आणि कुणाला बढती द्यायची याची चर्चा निघते तेव्हा तो बाहेरही काढला जातो. तुमचा मेल जुना झाला असेल तरी चालेल. त्याच तिकिटाला उत्तर म्हणून आजही लिहिता येईल.